हातातले कसब आणि नवी नोकरी

नोकरी सुटली किंवा धंदा बसला की माणसाचा पगार जातो आणि त्याबरोबर त्याची ओळखही जाते. कालपर्यंत "अमक्या कंपनीतले" म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ आज "सध्या घरीच असतात" असा होतो. परंतु त्याने वीस वर्षांत जे काम हाताखालून घातले, जी नजर कमावली, जी शिस्त अंगी बाणविली, ती कोणी मालक काढून घेऊ शकत नाही. ती त्याच्याजवळच राहते. अडचण एवढीच की ती त्याला स्वतःला दिसत नाही, आणि ज्याला स्वतःला दिसत नाही तो ती दुसऱ्याला दाखविणार कशी?

आज एकाच नोकरीत निवृत्त होण्याचे दिवस फार थोड्यांच्या वाट्याला येतात. कंत्राटी कामे वाढली आहेत, यंत्रे व संगणक जुनी कामे गिळीत आहेत आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पुन्हा अर्ज घेऊन फिरण्याची पाळी येत आहे. आपल्या समाजात तर बहुतेक घरांतून खुर्चीवर बसणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी. कंपनीत काका नाही, मामा नाही, शिफारसपत्र देणारा शेजारी नाही. इतरांचे काम जेथे ओळखीने भागते तेथे आपल्याला केवळ अर्जावर आणि मुलाखतीवर विसंबावे लागते. म्हणूनच आपल्याजवळ आधीच असलेले कसब नव्या मालकापुढे कसे मांडावे, हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो आणि त्याचीच थोडी फोड येथे करावयाची आहे.

गिरण्यांनी शिकविलेला धडा

मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. कोणी गावी परतले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी इमारतीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. यात कमीपणा कसलाच नाही. श्रमाची भाकर ही मानाचीच भाकर. पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, यंत्राचा आवाज ऐकून कोठे बिघाड आहे हे सांगणारा फिटर, तीन पाळ्यांतून माणसे नेमून काम काढून घेणारा जॉबर, सुताचा दोष बोटाने ओळखणारा कामगार, या सर्वांना बाहेरच्या जगाने एकाच नावाने ओळखले: "गिरणीवाला". त्यांच्या कसबाचा कागद नव्हता आणि ते दुसऱ्याच्या भाषेत सांगण्याची सवयही नव्हती. विणकामाचे कसब काहींना भिवंडीच्या यंत्रमागांवर उपयोगी पडले. पण तेथे गिरणीतले वेतन नव्हते आणि गिरणीतले संरक्षणही नव्हते.

याच गिरणगावातले दुसरे उदाहरण खानावळ चालविणाऱ्या बायांचे. कोकण, घाटावरून एकटे आलेले कामगार या बायांच्या हातचे जेवीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेच्या कर्जाचे दार त्यांच्यासाठी उघडले. गिरण्या थंडावल्या तेव्हा खानावळींचे गिऱ्हाईकही आटले. पण चाळीस-पन्नास माणसांचे जेवण वेळेवर, ठराविक खर्चात आणि एकाच चवीचे करण्याचे कसब आटले नव्हते. मंडळाच्या मार्फत तेच कसब कार्यालयांच्या व समारंभांच्या जेवणाकडे वळले. स्वयंपाक तोच राहिला आणि गिऱ्हाईक नवे आले. आपल्या विषयाचे सार या एका उदाहरणात आहे.

गिरणीची आठवण काढताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. जुन्या धोट्यात सुताचे टोक ओवताना ते तोंडाने ओढावे लागे. दलित कामगाराने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असा सवर्ण कामगारांचा हेका असे. त्यामुळे जेथे वेतन अधिक त्या विणकाम खात्याची दारे आपल्या माणसांना बंद होती. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. म्हणजे एके काळी कसब शिकण्याचीच बंदी होती. आज आपण कसब शिकलो, ते वापरले, त्यात वर्षे घालविली. आणि तरीही ते सांगता न आल्यामुळे वाया जाऊ दिले, तर मिळविलेला हक्क आपण आपल्याच हाताने अर्धा सोडून दिला असे होईल.

पाचशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज

नोकरीचा अर्ज कसा लिहावा याचे एक सुंदर उदाहरण इटलीच्या इतिहासात आहे. लिओनार्दो दा विंची हे नाव आपण चित्रकार म्हणून ओळखतो. सुमारे १४८२ साली त्याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला उद्देशून एका अर्जाचा मसुदा केला. तो आजही उपलब्ध आहे. त्यात त्याने आपल्याला काय काय करता येते ते क्रमवार मांडले आहे: सैन्यासाठी हलके व मजबूत पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी उपसण्याची युक्ती, तोफा, झाकलेली रणवाहने, भुयारे. शांततेच्या काळात इमारती बांधीन आणि पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेईन, असे तो नंतर सांगतो. शिल्प आणि चित्रकला येते, हे सांगण्याची पाळी शेवटी येते! शेवटी तो असेही म्हणतो की, यातले काही अशक्य वाटल्यास मी आपल्या बागेत करून दाखविण्यास तयार आहे.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मिलानला युद्धाची चिंता होती, म्हणून युद्धोपयोगी कसब त्याने आधी लिहिले. स्वतःला जे आवडते ते आधी लिहिले नाही. दुसरी, "मी हुशार आहे, होतकरू आहे" असली विशेषणे न लावता त्याने करता येण्याजोग्या कामांची यादी दिली. तिसरी, त्याने करून दाखविण्याची तयारी ठेवली. पाचशे वर्षांत कागद बदलला, शाई बदलली, पण नोकरी देणाऱ्याचे मन फारसे बदललेले नाही.

हुद्दा वेगळा, काम वेगळे

आपण अर्जात काय लिहितो? "अमक्या ठिकाणी दहा वर्षे लिपिक", "तमक्या ठिकाणी सात वर्षे मदतनीस". हा हुद्दा झाला. हुद्दा जुन्या मालकाचा असतो, काम आपले असते. नवा मालक हुद्दा विकत घेत नाही. त्याला काम हवे असते.

आम्ही बँकेतली कारकून मंडळी, म्हणून उदाहरण बँकेचेच घेऊ. "कॅश काउंटरवर बसतो" असे आम्ही सांगतो. पण त्या बसण्यात काय काय असते? दिवसभर शेकडो लोकांशी पैशाचा व्यवहार करावयाचा आणि सायंकाळी हातातली रोकड व पुस्तकातली रोकड पै-पैशाने जुळवावयाची. बनावट नोट बोटांना आणि डोळ्यांना कळली पाहिजे. खातेदाराची कागदपत्रे तपासून ओळख पटवावयाची. चिडलेल्या गिऱ्हाइकाला न चिडता उत्तर द्यावयाचे. आणि हिशेबात फरक आला तर तो शोधावयाचा. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे पडलेले असतात. ६३ च्या जागी ३६ लिहिले की फरक २७ येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमा पडली असण्याचा संभव असतो. जुन्या कारकुनांनी ही विद्या वह्यांतून शिकविली, संगणक आल्यावरही ती उपयोगी पडते.

आता हेच काम बाहेरच्या जगाच्या भाषेत सांगू: रोख रकमेची जबाबदारी, हिशेबातील चूक शोधणे, कागदपत्रांची पडताळणी, तक्रार निवारण. रुग्णालयाच्या बिल विभागाला, शाळेच्या कार्यालयाला, सहकारी पतसंस्थेला, व्यापाऱ्याच्या पेढीला नेमके हेच हवे असते. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्तीची मोठी योजना आली आणि सुमारे एक लाख कर्मचारी व अधिकारी बाहेर पडले. त्यानंतर आलेली एक सोय येथे सांगण्यासारखी आहे. खेड्यापाड्यांत बँकेच्या वतीने व्यवहार करणारे प्रतिनिधी नेमण्यास रिझर्व्ह बँकेने २००६ साली परवानगी दिली आणि २००८ साली या कामासाठी निवृत्त बँक कर्मचारी, निवृत्त सरकारी कर्मचारी व माजी सैनिक यांचाही विचार व्हावा असे ठरले. एकाला हिशेब माहीत, दुसऱ्याला कार्यालयाची रीत माहीत, तिसऱ्याला शिस्त माहीत. हुद्दे तीन असले तरी नव्या कामाला उपयोगी पडणारे गुण तिघांजवळही होते.

आपली यादी कशी करावी

पहिली पायरी. एक साधी वही घ्यावी आणि आठवडाभर रोज रात्री आज प्रत्यक्ष काय काय केले ते लिहावे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी क्रियापद हवे: मोजले, नोंदविले, समजाविले, दुरुस्त केले, शिकविले, सांभाळले. "जबाबदारी होती" असे मोघम लिहू नये. नोकरी आधीच सुटली असेल तर शेवटच्या वर्षातला एखादा आठवडा आठवून लिहावा. आठ दिवसांत पंचवीस-तीस ओळी सहज होतात.

दुसरी पायरी. प्रत्येक ओळीला आकडा जोडावा. किती माणसे, किती रुपये, किती नग, किती वेळात, किती वर्षे? आकडा खरा असावा, फुगविलेला नसावा. खोटा आकडा मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

तिसरी पायरी. जिथे जावयाचे त्या कामाच्या चार-पाच जाहिराती जमवाव्यात आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढावी. शक्य असल्यास ते काम करणाऱ्या एखाद्या माणसाला भेटून "तुमचा दिवस कसा जातो?" एवढेच विचारावे. जाहिरातीत जे सापडत नाही ते अशा बोलण्यात सापडते.

चौथी पायरी. कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे आपली ओळ आणि उजवीकडे त्यांची मागणी लिहावी. जेथे दोन्ही जुळतात ते आपले भांडवल. जेथे उजवी बाजू भरलेली व डावी रिकामी, ती आपली उणीव. ही उणीव तीन प्रकारची असते. काही वेळा काम येते पण शब्द वेगळा असतो. तेथे शब्द बदलावा. काही वेळा काम येते पण दाखला नसतो. तेथे दाखला मिळवावा. आणि काही वेळा काम खरोखरच येत नाही; तेथे शिकावे. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळेच पुष्कळ लोक जो अभ्यासक्रम लागत नाही त्याची फी भरून बसतात.

काही उदाहरणे पाहू. अंगणवाडी सेविका मुलांची वजने घेते, वाढीचा तक्ता ठेवते, घरोघर जाऊन मातांशी बोलते, आहाराचा साठा सांभाळते आणि आता मोबाइलवर माहितीही भरते. सर्वेक्षण, आरोग्य शिक्षण, नोंदी व साठा व्यवस्थापन या चार गोष्टी तिच्याजवळ आहेत. एखाद्या सेवाभावी संस्थेला किंवा रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागाला त्या हव्या असतात. सुरक्षारक्षक येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवतो, किल्ल्यांचा ताबा देतो-घेतो, मालाची आवक-जावक तपासतो, आगीच्या वेळी काय करावयाचे हे जाणतो. गोदामाच्या कामाला याहून वेगळे काय लागते? छापखान्यातल्या खिळे जुळविणाऱ्या कारागिरांचेही तसेच. शिशाचे खिळे गेले, संगणकावरची जुळणी आली; पण शुद्धलेखन, ओळीची रुंदी आणि मजकूर वाचण्याची नजर ज्याच्याजवळ होती त्याला मुद्रितशोधनाचे काम करणे शक्य होते.

अर्ज कसा लिहावा

समजा, एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट घरगुती वस्तूंच्या वितरण कंपनीत वसुली प्रतिनिधी होऊ इच्छितो. पिग्मी ठेवीची पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली आणि पुढे ती आपल्या गावोगावी रुजली. हा गृहस्थ असा अर्ज लिहू शकेल: "मी नऊ वर्षे पिग्मी एजंट होतो. मला नोकरी द्यावी ही विनंती." यात लबाडी नाही, पण माहितीही नाही. तोच अर्ज असा लिहिता येईल:

"आपल्या जाहिरातीत बाजारपेठेची माहिती असलेला व रोख वसुलीचा अनुभव असलेला प्रतिनिधी हवा असे म्हटले आहे. गेली नऊ वर्षे मी रोज सुमारे एकशे वीस दुकानांत जाऊन रक्कम गोळा करीत आहे. त्याच दिवशी पूर्ण रक्कम भरणा करून नोंद जुळविण्याचे काम माझ्याकडे आहे. स्टेशन रस्ता व बाजारपेठ या भागांतील बहुतेक दुकानदार मला नावाने ओळखतात. मालाच्या मागणीची नोंद संगणकावर करण्याचे काम मी केलेले नाही. ते शिकण्यास मी तयार आहे. आपण सांगाल त्या दिवशी एक फेरी आपल्या माणसाबरोबर करून दाखवीन."

पहिले वाक्य त्यांच्या गरजेचे, पुढची तीन वाक्ये पुराव्याची, पाचवे वाक्य उणीव प्रामाणिकपणे सांगणारे आणि शेवटचे करून दाखविण्याच्या तयारीचे. अर्ज एका पानात संपावा. प्रत्येक ठिकाणी तोच छापील अर्ज पाठवू नये. वरची दोन वाक्ये तरी जाहिरातीप्रमाणे बदलावीत.

मुलाखतीतील दोन अवघड प्रश्न

"जुनी नोकरी का सोडता?" हा पहिला. येथे जुन्या साहेबाची गाऱ्हाणी सांगू नयेत; ती खरी असली तरी नव्या साहेबाला वाटते की उद्या हा आपल्याविषयीही असेच बोलेल. "कंपनी बंद झाली" किंवा "त्या कामात पुढे वाव नव्हता, या कामात आहे" एवढे स्वच्छ उत्तर पुरे.

"तुम्हांला आमच्या क्षेत्राचा अनुभव नाही" हा दुसरा. यावर मान खाली घालू नये आणि वादही घालू नये. "हुद्द्याचा अनुभव नाही हे खरे, कामाचा आहे" असे म्हणून एकच प्रसंग सांगावा: अडचण काय होती, आपण काय केले, शेवटी काय झाले. दोन मिनिटांत संपेल असे तीन-चार प्रसंग घरी बोलून तयार ठेवावेत. आपल्याकडे "आम्ही" म्हणून बोलण्याची सवय आहे, ती चांगली आहे. पण मुलाखतीत "आम्ही सर्वांनी मिळून केले" एवढ्यावर थांबल्यास आपला वाटा कळत नाही. तेथे "मी हे केले" असे न संकोचता सांगावे. ती आत्मस्तुती होत नाही, ती साक्ष असते.

कागद आणि दाखले

आपल्या कसबाला कागदाचा आधार असावा. नोकरी सोडताना सेवेचा दाखला मागून घ्यावा आणि त्यात केवळ तारखा न येता कामाचे स्वरूपही यावे अशी विनंती करावी. मालकाने टाळाटाळ केली तरी भविष्य निर्वाह निधीची नोंद असेल तर ती कामी येते. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला जो एकच कायम क्रमांक मिळतो, त्याखाली कोठे व किती काळ नोकरी केली याची नोंद पाहता येते.

काम येते पण प्रमाणपत्र नाही, अशांसाठी पूर्वीच्या शिक्षणाची मान्यता ही कल्पना उपयोगी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवातून शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. आपल्या कामासाठी सध्या कोणते केंद्र परीक्षा घेते, हे जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात आधी विचारून घ्यावे. पदवी अर्धवट राहिलेल्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी सांभाळून पदवी घेण्याचा तो रास्त मार्ग आहे.

माजी सैनिकांनी एक नियम लक्षात ठेवावा. केंद्र सरकारच्या गट-क मधील ज्या पदांना पदवी लागते, त्यांतील अ-तांत्रिक पदांसाठी दहावी उत्तीर्ण आणि किमान पंधरा वर्षे सेवा झालेला माजी सैनिक पात्र धरला जातो. म्हणजे सरकारनेच येथे अनुभवाला पदवीचे मोल दिले आहे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी फौजी घरांना हे ठाऊक नसते.

घाई करण्यापूर्वी

नवी नोकरी लेखी हातात आल्याशिवाय जुनीचा राजीनामा देऊ नये. नियमित कामगाराला साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. पाचव्या वर्षाच्या तोंडावर आलेल्या माणसाने तारीख पाहूनच पाऊल उचलावे. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढून न घेता खाते नव्या ठिकाणी वळवावे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. मध्येच पैसे काढले की ती वर्षे हातची जातात. लग्नकार्याच्या निमित्ताने काढलेली ही रक्कम म्हातारपणी फार महाग पडते, हे बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही रोज पाहतो.

मांडणीची मर्यादा

एवढे सगळे केले की नोकरी मिळतेच, असे सांगणे खोटेपणाचे होईल. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच शैक्षणिक पात्रतेचे पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठविण्यात आले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी आढळले. पात्रता तीच, फरक फक्त नावाचा! म्हणून नोकरी न मिळालेल्या मुलाला "तुझ्यातच काही कमी असेल" असे घरच्यांनी म्हणू नये. अन्यायाविरुद्ध संघटितपणे बोलले पाहिजे आणि त्याच वेळी आपला अर्जही निर्दोष असला पाहिजे. या दोन गोष्टींत विरोध नाही. दहा अर्जांत बोलावणे आले नाही तर अर्ज एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, आणि अकरावा पाठवावा.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आमच्याजवळ अनुभव कोठे आहे? तुमच्यापैकी पुष्कळांनी १४ एप्रिलच्या जयंतीचे काम केलेले आहे. वर्गणीचे पावती पुस्तक सांभाळणे, जमाखर्च मांडून सभेत वाचून दाखविणे, पोलीस ठाण्याची व ध्वनिक्षेपकाची परवानगी काढणे, वक्त्यांना पत्रे लिहिणे, मिरवणुकीत शंभर-दोनशे माणसांना वाट करून देणे: हे हिशेब, पत्रव्यवहार, नियोजन आणि गर्दीचे व्यवस्थापन नव्हे काय? ज्याने धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतला त्याने शिकविले आहे. जिने आईबरोबर बचत गटाची वही लिहिली तिने हिशेब ठेवला आहे. हे सर्व आकड्यांसह लिहून ठेवण्याची सवय आतापासून लावा. पुढे पंचवीस वर्षांनी नोकरी बदलण्याची वेळ आली तर ती वही तुमच्या हातात असेल.

संस्थेच्या सभासदांपुढे आमची एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी विहारात दोन तास बसावे. ज्यांना काम हवे त्यांनी आपली यादी आणावी आणि ज्यांनी कार्यालयांत वर्षे काढली त्यांनी ती वाचून शब्द सुचवावेत. बँकेतला, टपाल खात्यातला, रेल्वेतला, शाळेतला आणि कारखान्यातला माणूस एका सतरंजीवर बसला तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामाची भाषा कळेल. इतरांच्या घरी जे काका-मामा करतात ते आपण एकमेकांसाठी करावयाचे आहे. यासाठी देणगी लागत नाही की इमारत लागत नाही; एक वही, एक पेन आणि दुसऱ्याचा अर्ज स्वतःचा समजून वाचण्याची तयारी एवढेच पुरे आहे.